एका कांबळ्यात दोघे

माझ्या दादाला त्याच्या टोळीत सगळे ‘भट्टी’ म्हणत. अंग कायम तापलेलं, आणि डोकं त्याहून. डोंगरावर मुक्काम पडला की प्रत्येकाला त्याच्या शेजारची जागा हवी असायची. खाली उतरल्यावर मात्र त्याच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती. भर रस्त्यात त्यानं माणसं लोळवलेली मी लहानपणापासून पाहिली आहेत. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला त्याचा अभिमानच वाटायचा.

त्याचं काम विजेच्या तारांचं. वादळ झालं की डोंगरावरचे मनोरे वाकतात, तारा लोंबतात. मग ही माणसं दोर, साखळ्या, पाने असलं सगळं लोखंड खांद्यावर घेऊन चढतात. त्यात अंथरूण-पांघरूण कुठून मावणार? म्हणून ज्या दोघांनी एका मनोऱ्यावर काम करायचं, त्या दोघांत मिळून एक कांबळं, अशी त्यांची रीत. दिवसा एकाचा दोर दुसऱ्याच्या हातात, रात्री पाठीला पाठ.

नव्या माणसाला दादा शिव्या घालत शिकवायचा. अंगावर काय घेतलंस ते मरू दे गाढवा, अंगाखाली काय आहे ते बघ, गारवा जमिनीतून येतो. वाळलं गवत जाड पसर. उरलेलं शर्टात कोंब, टोचलं तर टोचू दे. घामाचे मोजे काढून फेक. आणि शेकोटीच्या कडेला दगड तापत ठेव, पोत्यात गुंडाळून पोटाशी घ्यायला. पण दगड आणायचे ते वरच्या उतारावरचे, कोरडे. ओढ्यातल्या दगडाच्या पोटात पाणी मुरलेलं असतं, तो तापला की फुटतो आणि जवळ बसलेल्याचं थोबाड फोडतो.

माझा नवरा या टोळीत नवीन होता. कारखाना बंद पडून तो घरी बसला, तेव्हा दादानंच त्याला चिकटवून दिलं होतं. तो मला मारतो हे दादाला तोवर माहीत नव्हतं. माहीत कसं असणार, मी सांगितलंच नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालं तरी मार, कमी झालं तरी मार, आणि बरोबर पडलं तर ‘आज कसं बरोबर पडलं’ म्हणून मार. एकदा त्यानं माझा हात दाराच्या फटीत धरून दार ओढलं. मनगट टम्म सुजलं. ते झाकता येईना, आणि नेमका त्याच दिवशी दादा आला.

मी त्याला एवढंच म्हटलं, “दादा, मला इथून घेऊन चल.”

त्यानं माझं मनगट उलटसुलट करून पाहिलं. तो तडक बाहेर गेला. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी नवरा उभा होता. दादानं त्याची मान धरून तोंड दुकानाच्या लोखंडी पत्र्यावर आपटलं, खाली पाडलं आणि लाथांनी तुडवलं. अख्खी गल्ली बघत होती. त्याचा पुढचा दात पडला. दादा परत आला तो रक्ताळलेली बोटं माझ्यासमोर धरून, जणू मला काही आणून देतोय. म्हणाला, आता तो तुझ्या केसालाही धक्का लावणार नाही. आणि पाणी पिऊन निघून गेला. मी बॅग भरायला घेतली होती, ती तशीच खाटेवर उघडी.

नवऱ्यानं दार आतून लावलं आणि त्या दाताची पुरेपूर भरपाई माझ्याकडून करून घेतली. दोन बरगड्या मोडल्या. दादाला कळलं तेव्हा तो वहिनीसमोर शपथ घेऊन बसला, की आता मारत नाही, आता मारूनच टाकतो. मला घेऊन जायचं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. वहिनी म्हणाली, तिला आणा इकडे. तर तिच्यावरच खेकसला.

त्याच सुमाराला वादळ झालं आणि टोळी वर निघाली. मुकादमानं जोड्या लावताना या दोघांना एकत्र घातलं. म्हणे सोयरे आहेत, एकमेकांना पडू देणार नाहीत. कपाळ माझं!

वर काय झालं ते मला दोघांकडूनही कळलं, तुकड्यातुकड्यानं. दिवसभर दोघं एका मनोऱ्यावर होते आणि एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. नवऱ्याचा दोर दादाच्या हातात होता. दादा सांगतो, दोन वेळा मूठ सैल करावीशी वाटली, पण खाली मुकादम बघत होता. संध्याकाळी बाकीची टोळी दरीपलीकडच्या मनोऱ्यापाशी गेली आणि हे दोघेच उरले. थंडी अशी की श्वास घेतला तरी छातीत सुया टोचाव्यात. दादानं गवत पसरलं, शेकोटी पेटवली आणि नवऱ्याला दगड आणायला सांगितलं. उतार लांब होता आणि ओढा पायाशी. या आळशानं ओढ्यातले गुळगुळीत गोटे उचलून आणले आणि आगीच्या कडेला मांडले. त्यांतून पाणी ठिबकत होतं.

दादाला ते दिसलं. त्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. मग आपला डबा उचलून तो मनोऱ्याच्या सिमेंटच्या पायाआड जाऊन बसला. माझा नवरा हात शेकत आगीवर वाकला होता.

पहिला गोटा फुटला तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला, मग लगेच दुसरा. एक कपची नवऱ्याच्या डाव्या डोळ्यात गेली, एक मांडीत. आग चौफेर उधळली, त्याची बाही पेटली. तो किंचाळत आंधळ्यासारखा धावला आणि ओढ्यात पडला. बाही विझली, पण अंगावरची चिंधी न् चिंधी भिजली. रांगत बाहेर येऊन तो दादाला हाका मारायला लागला.

दादा जागचा हलला नाही. पायाआड बसून तो ऐकत राहिला. त्याला बरं वाटत होतं, हे त्यानं मला स्वतः सांगितलं आहे. दातांवर दात आपटल्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. मग नवरा लाडानं बोलावं तसं बोलायला लागला, की उकडतंय फार, आणि ओल्या शर्टाची बटणं काढायला लागला. दादानं असा एक जोडीदार पूर्वी गमावला होता. गारठून मरणाऱ्याला शेवटी उकडायला लागतं, हे त्याला ठाऊक होतं.

तेव्हा तो उठला. का उठलास, मी विचारलं. म्हणाला, “गार पडत चाललेल्या माणसावर राग टिकत नाही गं.”

पण वाचवलं तेही मारूनच. ओले कपडे त्याच्या अंगावरून फाडून काढले. तो झोपायला बघत होता, तर दादानं त्याला कानाखाली वाजवल्या, केस धरून उठवलं, पोटात गुडघे घातले. मारतानासुद्धा त्यानं मेव्हण्याचा मान सोडला नाही. “उठा भावोजी, उठा, कुत्र्यासारखे मरू नका,” म्हणत रात्रभर थोबाडत होता. मांडीला आपला पट्टा आवळून बांधला. स्वतःचा शर्ट, स्वतःचे कोरडे मोजे त्याला घातले, अंगाभोवती गवत कोंबलं आणि त्या एका कांबळ्यात उघड्या छातीशी त्याला घट्ट धरून पडला. नवऱ्याच्या डोळ्यातलं रक्त दादाच्या मानेवर ओघळून थिजत होतं. सकाळी दादानं त्याला पाठीवर घालून खाली आणलं.

डोळा गेला, जीव राहिला. दवाखान्यात सगळे जमले होते, सासूबाई, वहिनी, मुकादम, आणि बरगड्या आवळून बांधलेली मी. सासूबाई दादाच्या पाया पडायला निघाल्या. दादानं त्यांना अडवलं आणि नवऱ्याच्या खाटेशी जाऊन उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, “दगड ओले होते. मला दिसलं होतं, मी बोललो नाही. आता माझ्या बहिणीवर हात टाकलात, तर परत बोलणार नाही.”

नवऱ्यानं उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे नाही, दादाकडे पाहिलं आणि म्हणाला, नाही टाकणार. सासूबाईंनी देवाला हात जोडले. मुकादम म्हणाला, चला, मिटलं. दादानं माझ्याकडे असं पाहिलं, की आता तरी खूश ना.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या दोघांनी एका कांबळ्यात झोपून माझ्या जन्माचा निकाल लावला होता, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. मी बाहेर पडले. दादा मागोमाग आला, जिन्यात त्यानं मला गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला रडताना पाहत होते.

“मग मी काय करायला हवं होतं?” त्यानं विचारलं. “त्याला मरू द्यायला हवं होतं?”

“ओरडायला हवं होतं, दगड ओले आहेत म्हणून,” मी म्हटलं. “आणि त्याच्या आधी, मला घेऊन चल म्हटलं होतं तेव्हा न्यायला हवं होतं.”

तो जिन्याच्या पायरीवर बसला. मी थांबले नाही. रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर गेले, तर तो मागून आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. मग त्यानं खाली मान घालून विचारलं, “आत्ता येतेस?”