पाठीवरून इयत्ता

शाळेत बत्तीस वर्षं शिपाई म्हणून काढल्यावर माणसाला निवृत्तीत एकच गोष्ट हवी असते : पोरं नकोत. त्यामुळे ओढ्याकाठच्या कॅम्पवर राखणदाराची जागा निघाली तेव्हा शांतताराव धावतच गेले. चाकांवरच्या खोल्यांसारख्या दहा कॅराव्हॅन, पंधरा तंबू आणि फाटकावर पाटी : ‘अठरा वर्षांखालील कोणालाही प्रवेश नाही.’

‘शांतताराव’ हे नाव बायकोने ठेवलेलं. ते कॅम्पभर ‘शांतता पाळा’ म्हणून कुजबुजायचे आणि ती कुजबूज शेवटच्या तंबूपर्यंत पोचायची. शिवाय एक फुशारकी होतीच. “पोरगं पाठमोरं दाखवा, इयत्ता सांगतो. टाचा घासत चाललं की पाचवी!”

त्या मंगळवारी दुपारी नळावर कोणीतरी बादली भरत होतं. लाल टोपी, दोन वेण्या, कॅनव्हासचे बूट, उंची नळाएवढी.

“सहावी,” त्यांनी निकाल दिला आणि तिथूनच ओरडले, “ए बाळा! कोणी आत सोडलं तुला? आईबाबा कुठेत तुझे?”

घडीच्या खुर्च्यांतून पुस्तकं खाली आली, माना वर झाल्या. नळावरची व्यक्ती वळली. कानशिलांवर पांढरे केस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, पंचेचाळिशीची बाई.

“आई गेली मागच्या वर्षी,” ती म्हणाली. “बाबा निळ्या कॅराव्हॅनमध्ये झोपलेत. ब्याऐंशीचे आहेत. उठवू?”

एका खुर्चीतून हसू फुटलं आणि घाईघाईने त्याचा खोकला झाला. बाई बादली उचलून निघून गेली.

पुढचा तासभर शांतताराव गॅसच्या शेडमागे होते. एकच सिलिंडर त्यांनी तीनदा तपासला.

“सकाळी मीच नोंद केली त्या दोघांची,” बायको शोधत आली. “तुम्ही दाढी करत होतात. जा, माफी मागा.”

“मागतोच आहे.”

“कोणाची, सिलिंडरची?”

शेवटी गेले. बाई कॅराव्हॅनच्या पायरीवर मटार सोलत बसली होती. ते कमरेत वाकले.

“वाकू नका. ऐकू येतं मला.”

ते ताडकन सरळ झाले. “त्याचं काय आहे, बाई, ऊन अगदी डोळ्यांवर... त्यात ती टोपी... आणि नळही जरा उंचच...” दोष टोपीवर आणि नळावर ढकलून झाल्यावर ढकलायला काही उरलं नाही.

बाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पाटी वाचूनच इथे आलो आम्ही. मुलं बोट दाखवतात, मागे येतात. मुलंच ती, राग नाही येत. पण वाटलं, चार दिवस कोणी वळून बघणार नाही.”

शांततारावांचे कान तापले. आयुष्यभर दुसऱ्यांचे पिरगाळले होते. आपलेही असे तापतात याची कल्पना नव्हती.

“चुकलं माझं.”

“हो. चुकलं.”

‘असू द्या’ येईल म्हणून ते उभे राहिले. शाळेत चुकलेल्या पोराला शेवटी कोणीतरी ‘जा, पळ’ म्हणायचं. इथे मटाराची आणखी एक शेंग उकलली, एवढंच.

“कोण आलंय गं?” आतून म्हाताऱ्याचा झोपाळू आवाज आला.

आता ही सगळं सांगणार, म्हणून शांततारावांनी मान खाली घातली.

“इथली व्यवस्था बघतात ते आहेत, बाबा,” ती म्हणाली. “पाण्याचं विचारायला आलेत.”

शांतताराव वळले. खुर्च्यांसमोरून जायची हिंमत नव्हती, म्हणून तंबूंच्या मागून, काटेरी कुंपणाला खेटून, सगळ्या जागेला वळसा घालून ते फाटकावर पोचले.