दार नसलेली ट्रॉली

नवऱ्याला बढती मिळाली तेव्हा त्याच्या साहेबांनी आम्हाला निगडीच्या बंगल्यावर जेवायला बोलावलं. त्यांच्या हॉलच्या कोपऱ्यात एक जुनी ट्रॉली होती. पितळी कठडा, बारीक चाकं, वर ग्लास आणि खाली बाटल्या. परतताना गाडीत नवरा तिच्याबद्दलच बोलत होता. "आपल्याकडे पण असं बार कार्ट पाहिजे. नवीन नको, जुनंच. जुन्या वस्तूला रुबाब असतो."

मी हो म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणायचे. चाकणच्या कंपनीत माझ्याकडे लोकांच्या रजा आणि ओव्हरटाइमचं काम. दिवसभर कोणी ना कोणी टेबलासमोर उभं राहून तक्रार करायचं. परतताना बस चाकणच्या चौकात अडकायची, ती मोशीला पोहोचेपर्यंत तोंड उघडायचीही ताकद उरायची नाही. नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं, आणि ते द्यायची माझी तयारी नव्हती.

कारण घरातच राहत होतं. माझी आई.

पप्पा पिंपरीतल्या एका कंपनीत फिटर होते. कंपनी बंद पडली आणि ते प्यायला लागले. आधीही घ्यायचे म्हणे, पण मला आठवतं ते त्यानंतरचं. उघड कधी प्यायले नाहीत. घरात बाटली दिसायची नाही, नुसता वास यायचा. आई कामावरून आली की आम्ही दोघी शोधायला लागायचो. तांदळाच्या डब्यात, गाद्यांच्या घडीत, मोरीवरच्या माळ्यावर, त्यांच्या कंपनीच्या जुन्या बुटात. सापडली की आई ती मोरीत ओतायची, आणि पप्पा समोर बसून "माझी न्हवतीच ती" म्हणायचे. शेवटी लिव्हर गेलं आणि तेही गेले. पुढे मी नोकरीला लागले, लग्न झालं, आणि गुडघे धरल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. रोज सकाळी ती हॉलमध्ये बुद्धवंदना म्हणते, पंचशील म्हणते. त्यातलं पाचवं शील दारू न घेण्याचं. त्याच हॉलमध्ये आता बार कार्ट येणार होतं.

नवरा वाईट नाही. शनिवारी दोन पेग घेतो, हसतो, जेवतो आणि झोपतो. पप्पा प्यायचे एवढं त्याला माहीत होतं, त्यापलीकडचं मी कधी बोलले नव्हते.

मग रविवार सुरू झाले. जुन्या फर्निचरच्या दुकानांतून मी त्याच्यामागे हिंडायचे. तो पितळ खरं की मुलामा हे नखानं खरवडून बघायचा, चाकं फिरवायचा, फोटो काढायचा. कधी काच फुटकी असायची, कधी जुनी म्हणून दाखवलेली वस्तू जुन्यासारखी रंगवलेली असायची. मी एखाद्या विकाऊ खुर्चीवर बसून राहायचे. "तुला कुठली आवडली?" असं त्यानं विचारलं की मी जवळच्या ट्रॉलीकडे बोट दाखवायचे.

एका रविवारी आईला घरी एकटं ठेवणं जमेना. आदल्या दिवशी बाथरूममध्ये तिचा पाय घसरला होता. म्हणून तिलाही बरोबर घेतलं. कुठं चाललोय हे तिला मी सांगितलं नाही, फर्निचर बघायचंय एवढंच म्हटलं.

कासारवाडीत रेल्वे लाइनच्या अलीकडे पत्र्याचं मोठं गोदाम होतं. मालक इथल्याच जुन्या गावकऱ्यांपैकी, पांढऱ्या मिश्यांचे. जमीन गेली, उरलेल्या तुकड्यावर हे गोदाम टाकलं, असं बोलता बोलता त्यांनी सांगितलं. आईला बघून त्यांनी लगेच खुर्ची दिली. "बसा मावशी. पाय दुखत्यात का?"

आम्हाला त्यांनी आत नेलं. तिथं दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी होत्या. एक पितळेची, दोन काचेच्या फळ्यांची, चारी बाजूंनी उघडी. दुसरी सागवानी, खाली कपाटासारखं दार, दाराला कुलूप.

"दोनी अस्सल हायेत," मालक म्हणाले. "ही काचेची एका पारशी सायबाच्या बंगल्यातली. लाकडाची मात्र कुठली ते मला न्हाई ठावं. उगं खोटं कशाला सांगू?"

नवऱ्याचा जीव काचेच्या ट्रॉलीवर जडलाय हे दिसत होतं. तो तिच्याभोवती फिरला, कठड्यावरून हात फिरवला, आणि मग लाकडाच्या ट्रॉलीपाशी येऊन हळूच मला म्हणाला, "हीच घेऊ. दार लावलं की आईंना काही दिसणार नाही."

त्याच्या या समजूतदारपणानं मला रडू आलं. पण मी नुसती मान हलवली. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. ती खुर्चीवरून उठून, भिंतीला धरत आत आली होती.

"दारू ठेवायला घेताय ना?"

नवरा गोंधळला. "आई, म्हणजे शोभेसाठीच. पाहुणे आले तर..."

"मग दाराची नका घेऊ."

मालक बाजूला सरकले आणि उगाच एका टेबलावरची धूळ पुसायला लागले.

"घरात दारू असणार असंल तर समोर असू द्या," आई म्हणाली. "काय आहे, किती आहे, दिसू द्या. लपवलेली मला नको. मी लई वर्षं हुडकलीय, जावईबापू."

एवढं बोलून ती परत खुर्चीकडे निघाली. नवऱ्यानं तिचा हात धरला. काचेची ट्रॉली आम्ही घेतली.

घरी येताना मी तिला विचारलं, "आई, तू रोज पंचशील म्हणतेस. आणि हे चालेल तुला?"

"शील माझं आहे, मी पाळते," ती म्हणाली. "दुसऱ्याचं किती पाळू? तुझ्या पप्पांचं पाळायला गेले तर माझे गुडघे गेले." आणि खिडकीबाहेर बघत बसली.

ट्रॉली हॉलमध्ये आली. आई वंदना म्हणायची, मग काठी टेकत जाऊन ट्रॉलीच्या काचेवरची धूळसुद्धा पुसायची. तिला खरंच काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते मला. कंपनीतून आले की चप्पल काढायच्या आधी माझी नजर बाटल्यांकडे जायची. काल लेबलच्या वर होती, आज खाली आहे का? तो रात्री उठला होता तो पाण्यालाच का? मी त्याचा ग्लास हुंगून बघायला लागले. तांदूळ काढताना हात डब्याच्या तळापर्यंत जायचा. इतकी वर्षं मला वाटत होतं की आईला जपायचंय.

एका संध्याकाळी आईनंच विचारलं, "किती कमी झाली?"

"काय?"

"बाटली. रोज बघतेस."

तिनं मला जवळ बसवलं. "तुला बरोबर घेऊन हुडकायला नको होतं मी. पण माझा हात माळ्यावर पोचायचा नाही गं. तू चढायचीस." मग म्हणाली, "त्याला सांग."

पुढच्या शनिवारी आईला फिजिओथेरपीसाठी निगडीला नेलं होतं. ती आत होती, आम्ही दोघं बाहेर गाडीत. तेव्हा मी सांगितलं. डबे, माळा, बूट, सगळं. आणि हल्ली त्याचा ग्लास हुंगते तेही. तो स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होता.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"थकले होते."

"परत देऊन टाकू ती ट्रॉली?"

"नको. ट्रॉलीचं काही नाही."

"मग मी काय करू?"

मला तरी कुठं माहीत होतं? विचार करून म्हणाले, "घेतलीस तर मला सांगत जा. मी विचारायच्या आधी."

त्यानं ते मनावर घेतलं. आता सांगतो. कधी फोनवर, कधी दारातच. "मित्रांबरोबर एक बिअर झाली." "आज काही नाही." हे ऐकायचाही कंटाळा येतो कधी, एखाद्या लहान मुलाची हजेरी घेतल्यासारखं वाटतं. तोही कधीतरी चिडतो. "आयुष्यभर असंच सांगत राहायचं का मी?" असं त्यानं मागे विचारलं होतं.

नजर अजून जाते. पण परवा कंपनीतून आले, आईशी बोलले, भाजी निवडली, जेवले, भांडी घासली. ओटा पुसताना लक्षात आलं की आज आपण तिकडे बघितलंच नाही. मग हॉलमध्ये जाऊन बघावंसं वाटलं. पण पाय इतके दुखत होते की तशीच स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले.