आणि पार्टी

मला लिवता येत न्हाई. सही येती, पण ती दर टायमाला येगळी येती म्हणून बँकेतला साहेब चिडतो. तवा हे मी मॅडमच्या मशीनमधी बोललोय. कुठं चुकलं असंल तर मशीनचं समजा.

मॅडम म्हणजे अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकवणारी एक बाई. चळवळीतली जुनी गाणी, कविता, भाषणं जिथं कुठं कॅशिटीत पडल्यात, तिथून उचलून कॉम्प्युटरमधी भरून ठेवायचं काम तिनं घेतलंय. कॅशिटीला बुरशी धरती, फीत चिकटती, अन् गाणारी मानसं तर कॅशिटीच्याबी आधी जात्यात. नांदूरघाटच्या एका पावण्यानं तिला माझं घर दाखवलं, कारण आमच्या शाहिराच्या कॅशिटी माझ्यापाशी होत्या. शाहिरानं माझी हुशारी बघून दिल्या न्हवत्या. त्याचं घर गळायचं, माझं जरा कमी गळायचं, एवढंच.

शाहीर जाऊन लई वर्षं झाली. जलशात तो गायचा अन् मी सोंगाड्या. धोतर सुटल्यालं सोंग करायचो. धारूरच्या बाजारात एकदा खरंच सुटलं, तर लोकं म्हणले, आजचं सोंग येकदम झकास.

वाचता येत न्हाई म्हणून मी कॅशिटींना बायकोच्या टिकल्या डकवल्या होत्या. लग्नाच्या गाण्याला लाल, चळवळीच्या गाण्याला निळी. मॅडमपुढं मोठ्या ऐटीत डबा उघडला, तर एकीवरबी टिकली न्हाई.

"कुटं गेल्या गं टिकल्या?"

"मी लावल्या," आमची मालकीण चुलीपुढून बोलली. "पाकीट संपलं की तिथून काढायचे. कॅशिटीला काय नवरा हाय का?"

मॅडम हसली, पण मी डबा उपडा करून कॅशिटी चाळायला लागलो. शाहिराचा आवाज सापडायची घाई नुसती मॅडमची न्हवती. शाहिराची बायको, माझी वहिनी, तिचा डावा कान कवाच गेलाय अन् उजवा चाललाय. डॉक्टरनं हात टेकलेत. मागच्या महिन्यात मी गेलतो तवा तिनं माझा हात धरला अन् म्हणली, "भावजी, ह्यांचा आवाज एकदा कानात पडू द्या. मग माझ्या कानाला कडी लागली तरी चालंल."

आता आली का पंचाईत! मॅडम एकेक कॅशिट लावून बघायला लागली. एकीत हळदीची गाणी. एकीत मेव्हण्याच्या लग्नातला जनरेटर, नुसताच जनरेटर. एकीची फीत मशीननं चावून टाकली, तवा माझं काळीज बी चावलं. त्यात कोण होतं ते आता कुणालाच कळायचं न्हाई. मग खालून एक निघाली अन् तिच्यातून शाहीर खाकरला. मी त्याचं खाकरनं वळखलं. गायच्या आधी तो तसाच खाकरायचा, बैलगाडी चढाला लागल्यावानी.

ही कॅशिट आमी त्याच्या घरातच भरली होती. टेपरेकॉर्डर उसना आणल्याला. दाराखिडकीला वाकळा टांगल्या, म्हणजे बाहेरचा गलका आत येऊ ने. झील धरणारे दोघं ऊसतोडीला कारखान्यावर गेल्याले. झील म्हणजे शाहिरानं ओळ टाकली की मागून तिचं शेपूट धरून वर न्यायचं. ते काम माझ्यावर आलं. मी पहिलीच झील अशी धरली की शाहिरानं गाणं थांबवलं.

"गप बे," म्हणला. "तू नुसतं तोंड हलव."

"कॅशिटीत तोंड दिसतंय व्हय?"

"न्हाई दिसत, म्हणून तर हलव म्हणतो. आवाज काढू नको."

मग झील कुणी धरायची? तर वाकळीच्या पल्याड वहिनी भाकरी थापत होती. समद्या पार्टीला, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना, जेवायला घालायचं होतं, तान्हं लेकरू मांडीला होतं. तिनं तिथूनच धरली. हात थांबला न्हाई अन् गळाबी थांबला न्हाई. कॅशिट पुढं गावोगाव फिरली. वर लिवलं होतं, शाहीर अमुक आणि पार्टी. दिंद्रुडच्या एका लग्नात तर लोकांनी मला उभं केलं अन् म्हणले, कॅशिटीतल्यावानी झील धरा, लई गोड हाय तुमची. मी धरली. नवरदेवाची घोडी बुजली.

आमच्या वस्तीत समद्यांना ठावं होतं झील कुणाची ते. पण ठावं असनं येगळं अन् कुणी बोलनं येगळं. जयंतीला भोंग्यावर कॅशिट वाजायची तवा वहिनी मोठ्या पातेल्यापाशी असायची. भोंग्यातून तिला शाहीर ऐकू यायचा अन् बाकी नुसता कालवा. सोताचा गळा तिनं बाहेरून कवा ऐकलाच न्हवता.

दुसऱ्या दिवशी मॅडमला घेऊन वहिनीकडं गेलो. गाणं आता कॉम्प्युटरमधी गेल्यालं. मॅडम म्हणली, "काका, आधी एक विचारते. मागं हे थप थप कुठलं वाद्य आहे? मध्येच वेग वाढतो. त्रास होत असेल तर आवाज कमी करता येईल."

"भाकरीचं हाय," मी म्हणलो. "अन् कमी करू नका. पीठ संपत आलं की वेग वाढतो."

मॅडमनं आवाज होता तसाच ठेवला. मग तिनं वहिनीच्या कानावर पिशवीतले हेडफोन चढवले. वहिनीनं पदर नीट केला, कुणी मोठं मानूस घरात यावं तसा. मॅडमनं बटन दाबलं. आमाला काईच ऐकू येईना, समदं त्या कानात. आमी नुसतं तोंडाकडं बघत बसलो.

आधी ती हसली. खाकरनं आलं असंल. मग डोळे मिटले. गाणं मला पाठ हाय. शाहिराला लिवता येत न्हवतं, त्यानं ते मोर्चाच्या आदल्या रात्री तोंडानंच रचलं होतं:

दिवा मालवू नको गं, रात अजून बाकी
उद्याच्या मोर्चाला येऊ दे समद्या लेकी

तेवढ्यात वहिनीनं डोळे उघडले अन् हेडफोनमुळं मोठ्यांदा वरडली, "ही बाई कोण?"

"कोण बाई?"

"ह्यांच्या मागं कोण गातंय? एवढी गळ्यात गळा घालून? का म्हणून मला कुणी सांगितलं न्हाई?"

"वहिनी, तुमीच की!"

"आँ?"

तिला कुठलं ऐकू यायला. मी मोठ्यांदा सांगितलं, शेजारची बाई दारात आली, पण वहिनीपर्यंत काई पोचंना. मग मी सोंगाड्याचं काम केलं. तिच्यापुढं मांडी घालून बसलो, पदर घेतल्यावानी गमजा डोक्यावर घेतला, मांडीवर नसल्यालं लेकरू घेतलं, अन् हातानं भाकरी थापायला लागलो. थप थप. मग बोट केलं तिच्याकडं.

माझ्या सोंगाला आजवर लोकं हसली. ती हसली न्हाई. माझ्या हाताकडं बघत राहिली. कानात बी थप थप चालली असणार. हळूहळू तिचे हात मांडीवर हलायला लागले.

गाणं संपलं. तिनं हेडफोन काढले न्हाईत.

मॅडम मला म्हणली, "प्रत्येक गाण्याच्या आधी मी बोलून ठेवते, यात कोण कोण आहे. 'आणि पार्टी' असं नाही ठेवायचं. सांगा, पार्टीत कोण?" मी ढोलकीवाला सांगितला, टाळवाला सांगितला. "आणि तुम्ही?" मी म्हणलो, "माझं घालू नका. मी तोंड हलवायला होतो." मग वहिनीचं नाव सांगितलं, अन् खुणेनं तिलाबी सांगितलं.

"माझं कशाला?" वहिनी वरडली. "मी सैपाक करत होते."

मॅडमनं तिच्याकडं बघून मान हलवली, न्हाई म्हणून. अन् मशीनजवळ तोंड नेऊन नाव बोलली, सबंध, वहिनीच्या बापाच्या नावासकट. ते वहिनीला ऐकू गेलं न्हाई. तिनं नुसतं बोट वर करून सांगितलं, परत लाव.

मॅडमनं लावलं. नाव भरल्यालं मशीन तिनं बंद केलं न्हवतं, ते घरातला आवाज भरतच होतं. मग वहिनीनं अचानक झील धरली. चिरकलेला गळा, पण जागेवर.

"अजून बाकी गं, अजून बाकी..."

अन् गप. आमाला शाहीर ऐकू येत न्हवता, तिला येत होता. ती थांबायची ते त्याला जागा द्यायला. तेवढा येळ घरात काईच न्हाई, भिंतीवरचं घड्याळ तेवढं. मग परत, "अजून बाकी..." अन् परत गप. त्या थांबण्यात शाहीर कुठल्या ओळीला हाय ते मला बरोबर कळत होतं.

मलाबी तिच्यासंगं आवाज काढावा वाटला. पण मशीन चालू होतं, अन् माझा गळा मला ठावं हाय.

मी आपलं नुसतं तोंड हलवलं.