बेसबॉलच्या सेटमधलं शेवटचं कार्ड

एका जुन्या बेसबॉल कार्डासाठी मी एकवीस संकष्ट्यांचा नवस बोलले होते. हसू नका! इथे आखातात, आमच्या वादी अदाईच्या घराच्या हॉलमध्ये शुक्रवारी तिघं जमतात. त्यांचे किस्से इतके साठलेत की आता त्यांनाच अल्बम लागेल.

तिघं म्हणजे नोकरीच्या गावाहून, दुक्महून सुट्टीला येणारे आमचे हे, किनाऱ्यावरच्या सहम गावचे मासळीचे व्यापारी दाऊदभाई आणि यांचे कॉलेजमित्र पाटणकर भाऊजी. हे आणि भाऊजी पुण्यात एकाच बेसबॉल टीममध्ये होते. दोघं मिळून खेळाडूंच्या फोटोंच्या कार्डांचा साठ वर्षांपूर्वीचा अमेरिकन सेट जमवतायत. परवडावीत म्हणून कार्डं घ्यायची ती झिजलेली, दुमडलेलीच. आता एकच कार्ड राहिलंय, आणि भाऊजी हृदयाच्या ऑपरेशनसाठी पुण्याला जाऊन ॲडमिट झालेत.

*

पहिल्याच पार्सलमध्ये एका खेळाडूला कुणीतरी पेनानं मिशी काढलेली. "फसवलं की हो!" मी म्हटलं.

भाऊजी खूश! "वहिनी, मिशीमुळेच तर परवडला!"

*

एकदा यांनी चकचकीत कार्ड आणलं. दाऊदभाईंनी ते नाकाशी धरलं.

"आपण मासळीवाले, वासावर माल घेतो. हे ताजं हाय. परत करा!"

*

भर उन्हाळ्यात लाइट गेली. सहमहून तीनदा फोन. "वैनी, कार्डांना घाम तर नाय ना फुटला?"

"मला फुटलाय, दाऊदभाई!"

"तुमचं मागाहून बघू!"

*

दसऱ्याला मी अल्बम पूजेत मांडला. हळदकुंकू वाहताना बोट थेट कार्डावर टेकलं! लाल डाग. हे दुक्मला, म्हणून रडतच भाऊजींना फोन लावला.

ते म्हणाले, "साठ वर्षांत बिचाऱ्याची पहिल्यांदाच पूजा झाली असेल, वहिनी. राहू दे."

*

आणि काल शेवटचं कार्ड आलं! दाऊदभाई सहमहून धावत आले. "यल्ला, चला, अल्बमात लावा की!"

यांनी कार्ड रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं. तेवढ्यात हॉस्पिटलमधून भाऊजींचा फोन. आवाज अगदी खोल गेलेला.

"आलं का रे?"

"नाही अजून," हे खिशावर हात ठेवून म्हणाले. "तू बरा हो. दोघं मिळून शोधू."

दाऊदभाई माझ्याकडे बघायला लागले. मी देवघराकडे.

ऑपरेशन सोमवारी सकाळी आहे. तुम्हीही एखादा छोटासा नवस बोला ना!