लुडविकचा चिखल

१९४८ साली माझा नवरा लुडविक पोलादाच्या कारखान्यातून सुटला की पिट्सबर्गजवळच्या आमच्या गावच्या पगारी फुटबॉल संघाचे सदरे धुवायचा, शिवायचा. या कामावर त्याचा फार जीव. त्या हंगामात संघ सलग आठ सामने हरला आणि नववा जिंकला. जिंकलेला सदरा पुढच्या सामन्यापर्यंत धुवायचा नाही, हा खेळाडूंचा नेम. मला कुठं ठाऊक! वासानं डोकं उठलं, म्हणून मी सगळे खसाखसा धुऊन वाळत घातले.

लुडविक दोरीकडे बघतच राहिला. "अगं बाई, आता मला हाकलतील!"

"मी जाऊन सांगते."

"गप बस." तो परसात गुडघे टेकून सदऱ्यांना चिखल चोळू लागला.

रविवारी संघ हरला. मळलेल्या सदऱ्यांचा गठ्ठा आणायला आम्ही दोघं गेलो. दांडगा कप्तान झिगमंट सदरा हुंगत म्हणाला, "लुडविक, घामाला साबणाचा वास कुठून रे?"

मी तोंड उघडणार, तोच लुडविक म्हणाला, "मीच धुतले. विसरलो."

कप्तानानं धुण्यानं सोललेले माझे हात पाहिले. "हरलो खरे, वहिनी," तो म्हणाला, "पण आज अंग खाजलं नाही. संघाच्या मालकाला मी काही सांगत नाही."