प्रभुभोजनाला मी उठत नव्हतो

चार वर्षं मी प्रभुभोजनाला उठलो नाही. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी एकेक बाक उठतो आणि लोक पुढे जाऊन गुडघे टेकतात, प्रभूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घेतात. मी मुद्दाम दाराजवळच्या बाकावर बसायचो आणि पाळी आली की बुटाची नाडी बांधायला वाकायचो. पुढे पुढे तर चप्पल घालून गेलो तरी वाकायचो! प्रार्थना करत होतो, पण देव आपलं ऐकत असेल असं वाटेनासं झालं होतं.

कारण मला ठाऊक होतं. मी उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत, एका फाउंड्रीत लोखंड ओतायचे वाळूचे साचे करतो. साचा झाला की आतली वाफ निघून जावी म्हणून तारेनं बारीक भोकं पाडायची असतात. ती नसली तर ओतलेला लोखंडाचा तापला रस उसळतो. त्या डिसेंबरात नाताळच्या गाण्यांची तालीम होती, मला उशीर होत होता. शेवटच्या साच्याला भोकं न पाडताच मी पळालो. दुसऱ्या दिवशी मारुतीअण्णांनी त्यात रस ओतला आणि तो उसळून त्यांच्या उजव्या हातावर आला. अण्णा बेळगुंदी गावचे, मला काम त्यांनीच शिकवलेलं. चौकशीत त्यांनी सांगितलं, "माझाच हात हलला." मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो. त्यांची बोटं आखडली, काम सुटलं. मी मात्र नाताळात पहिल्या रांगेत उभा राहून गायलो.

मनात कुणाविषयी खोट असेल तर आधी ती मिटवून या, असं आमचे पाळक प्रभुभोजनाआधी दरवेळी सांगतात. खाई त्याला खवखवे. मला वाटायचं ते माझ्याकडेच बघून बोलतात. गेल्या दसऱ्यानंतर एकदाचा मोटारसायकल काढून बेळगुंदीला निघालो. गावाजवळ पोचलो आणि धीर सुटला. अण्णांच्या शिव्या सोसल्या असत्या, पण नोकरी गेली तर पोरीला काय घालू? गाडी वळवली. शंभर पावलं गेलो असेन, तोच चेन उतरली.

खटपट करत बसलो होतो. शेजारच्या रानात रताळी काढणारा माणूस उठून रस्त्यावर आला. ते मारुतीअण्णा होते. ते रान त्यांचं आहे हे मला माहीतही नव्हतं.

"तू व्हय रं! सर बाजूला," म्हणत ते खाली बसले आणि त्या वाकड्या बोटांनी चेन चढवू लागले. मला ते बघवेना.

"अण्णा, त्या साच्याला मी भोकं पाडली नव्हती."

त्यांनी चेन बसवली, गवताला हात पुसले. "ठावं हाय मला. इतकी वर्सं वतलंय, साचा कशानं उसळतोय ते कळत न्हाय व्हय?"

"मग बोलला का न्हाईसा?"

"तुझ्या बायकोला दिवस गेलते. मला रान तरी हाय, तुला काय हुतं? पर तू येशील म्हणून लई वाट बघितली रं."

मी रस्त्यातच मटकन बसलो आणि रडलो. चूक माझी, ती त्यांनी आपल्या नावावर घेतली होती आणि वर माझी वाटही बघितली होती. आपला अपराध प्रभूनं स्वतःवर घेतला असं लहानपणापासून चर्चमध्ये जे ऐकत, गात आलो, ते मातीनं भरलेल्या हातांनी माझ्यासमोर उभं होतं.

सोमवारी मालकांना खरं सांगितलं. ते खूप बोलले, मला साच्यांवरून काढून वाळू चाळायला घातलं. चौकशीच्या कागदावर मात्र चुकीपुढचं अण्णांचं नाव खोडून माझं लिहिलं गेलं. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

पुढच्या पहिल्या रविवारी आमचा बाक उठला तसा मीही उठलो. पाळकांनी तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि मी तो तोंडात घातला. आधी आपण स्वच्छ व्हायचं, मग देवाजवळ जायचं, असं मी समजत होतो. तो तर त्या रस्त्यावर माझ्याआधीच पोचला होता. लोक आता म्हणतात, तू धीर करून अण्णांकडे गेलास. त्यांना काय सांगू? प्रभू, तुला माहीत आहे, मी तर माघारी फिरलो होतो.