न्हाणी फोडायची नाही

आमच्या न्हाणीच्या बरोबर खाली तळमजल्यावरच्या शेजारी काकांची न्हाणी. तिचं छत गळायला लागलं तेव्हा गुन्हेगार कोण हे ठरवायला कुणाला फार वेळ लागला नाही. वर कोण राहतं? आम्ही. मग पाणी कुणाचं? आमचंच. काकांनी प्लंबरला आणलं. त्याने छताचा ओला डाग पाहिला, वर येऊन आमच्या टाइल्सवर दोनदा टाच आपटली आणि निकाल देऊन टाकला, "ताई, फोडावं लागंल. टाइल्सखाली लाइन लीक असणार."

"असणार म्हणजे? आहे की नाही?"

"फोडल्याशिवाय कसं कळंल?"

माझं डोकंच फिरलं. मी चाकणच्या एका कंपनीत लीक टेस्टिंगला आहे. गाड्यांचे रेडिएटर येतात, त्यांची तोंडं बंद करायची, आत हवा भरायची, पाण्यात बुडवायचं आणि बुडबुडा कुठून निघतो ते बघायचं. वर्षानुवर्षं मी हेच बघत आलेय. "फोडून बघू" म्हणणारा माणूस आमच्या लाइनवर दुपारच्या चहापर्यंतही टिकला नसता.

आणि ती न्हाणी काही साधी नव्हती. माझ्या सासूबाई लातूरच्या. पाय घसरून त्यांचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला आणि त्या मोशीला आमच्याकडे राहायला आल्या. त्यांच्यासाठी आम्ही न्हाणी नव्याने बांधून घेतली. उंबरा काढला, खरखरीत टाइल्स लावल्या, भिंतीला धरायला स्टीलचे दांडे बसवले, बसून अंघोळ करायला पक्का कट्टा केला. पहिल्या दिवशी सासूबाई एकट्या आत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. डॉक्टर कडी नको म्हणाले होते. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर कडी न लावता अंघोळ करतो का, इचार त्याला."

न्हाणी फोडली असती तर निदान महिनाभर बंद. तोवर सासूबाईंना थोरल्या दिरांकडे पाठवायचं असं नवऱ्याचं आणि दिरांचं फोनवर परस्पर ठरलंही. रविवारी दीर गाडी घेऊन येणार होते. दीर वाईट नाहीत. पण त्यांची न्हाणी अंगणापलीकडे, पायऱ्या चढून. ऑपरेशननंतर सासूबाई काही दिवस तिथे होत्या, तेव्हा खोलीतच बादली ठेवून जाऊबाई त्यांना अंघोळ घालायच्या. त्या दिवसांबद्दल सासूबाई कधी बोलल्या नव्हत्या. प्लंबर गेल्यावर मात्र पलंगावर बसून म्हणाल्या, "आपलं आंग दुसऱ्यानं धुतलं की मेल्यावानी वाटतंय बग. मला नको धाडू." मी त्यांना शब्द दिला. कशाच्या जोरावर दिला ते माझं मलाही ठाऊक नव्हतं.

कंपनीत आम्हाला एक गोष्ट घोकून घोकून शिकवलेली आहे. लीक कुठे आहे हे विचारण्याआधी लीक केव्हा होतं ते विचारा. म्हणून दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमधून उतरले ती थेट काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. काकू भाकऱ्या थापत होत्या. छत रोज गळतं का, असं विचारलं.

"रोज कुठलं? पान्याच्या दिशी बादली लावावी लागती. बिनपान्याच्या दिशी नुसती वल."

मला तिथल्या तिथे टाळी वाजवावीशी वाटली. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड. पण अंघोळी रोज, कपडे रोज, फ्लश रोज. दोष माझ्या न्हाणीचा असता तर छत रोज गळलं असतं. माझी न्हाणी काही महापालिकेचं वेळापत्रक बघून गळणार नाही.

हे मी काकांना सांगितलं. काका म्हणजे मूळचे मोशीचे. ही जागा त्यांच्या वाडवडिलांची, घर त्यांनीच बांधलेलं आणि वरचा मजला त्यांनी आम्हाला विकलेला. डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी, आणि स्वभावही तसाच. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सूनबाई, पानी वरूनच येतंय ना? मंग वरचंच हाय. बोलन्यानं छत वाळत न्हाई."

मग गुरुवार उजाडला. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, आणि पाण्याचाही दिवस तोच होता. सासूबाई सोडून बाकी सगळ्यांच्या अंघोळी उरकल्यावर मी न्हाणीच्या जाळीत चिंधी गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी ठासून बसवली, जमिनीवर घोटाभर पाणी सोडलं आणि त्यात कपड्यांच्या निळीची अख्खी बाटली ओतली. फ्लशच्या टाकीतही थोडी नीळ टाकली. ही युक्ती कुणीही करून बघावी. फ्लश न ओढता भांड्यात निळं उतरलं तर टाकीचा वॉशर गेला म्हणून समजावं. आमचं भांडं पांढरंशुभ्र राहिलं, आणि माझी छाती थोडी फुगली.

सासूबाई वॉकर धरून दारात उभ्या. "काय करूलालीस गं?"

"तुमच्या न्हाणीची परीक्षा घेतेय."

"पास होईल ना?"

"मेरिटमध्ये येईल," मी म्हटलं. पण खाली एक निळा थेंब पडला असता तर रविवारी गाडी ठरलेली होती.

काका खाली खुर्ची टाकून छताकडे बघत बसले. दुपारची जेवणं झाली तरी छत ढिम्म. थेंब नाही की निळसर डाग नाही. "मुरत आसंल. उतरंल दमानं," काका म्हणाले. तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि त्यांनी उठून मोटर लावली.

मोटर हे काकांचं खातं. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचं ते त्यांनीच. आमच्या आळीत टाकी भरली की नाही हे बघायला कुणी जिना चढत नाही. टाकी ओसंडली, जादा पाण्याच्या पाइपातून परसात धो धो पडायला लागलं, की भरली. मग निवांत चप्पल शोधायची, वाटेत कुणी भेटलं तर दोन शब्द बोलायचे आणि मोटर बंद करायची. त्या दिवशीही परसात पाणी पडायला लागलं. काका फाटकापाशी गप्पा मारून, मोटर बंद करून आले. आणि काकू आतून ओरडल्या, "आवं, गळाया लागलं!"

मी धावत खाली गेले. छतातून टपटप थेंब पडत होते. मी एक थेंब तळहातावर घेतला आणि काकांसमोर धरला. पाणी नितळ होतं. वर माझ्या न्हाणीत निळं तळं साचलेलं, आणि खाली गळत होतं स्वच्छ पाणी!

"काका, तो जादा पाण्याचा पाइप कुठून खाली येतो?"

काका जरा घुटमळले. तो आधी गच्चीवरून मोकळा सोडलेला होता. पाणी त्यांच्या नव्या स्कूटरवर पडायचं, म्हणून त्यांनी पुतण्याकडून तो दोन्ही न्हाण्यांच्या मागच्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीतून, उतरवून परसात काढून घेतला होता.

मी नवी नीळ आणि बादली घेऊन गच्चीवर गेले. टाकीच्या पाण्याला हात लावला नाही, त्या पाइपाचा वरचा जोड काढला आणि त्यात निळं पाणी ओतलं. अर्धी बादली रिकामी झाली असेल नसेल, खालून काकूंचं हसू ऐकू आलं. मग काकांचा आवाज, "आरं तिच्या!"

खाली येऊन बघते तर काका मान वर करून छताखाली उभे, आणि त्या कडक पांढऱ्या टोपीवर मधोमध एक टपोरा निळा डाग. मी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण खोटं कशाला बोलू, जमलं नाही. काकांनी टोपी काढून पाहिली आणि तेही हसायला लागले. "म्हंजी आमीच आमच्या डोक्यावर पानी वतत व्हतो व्हय!"

प्लंबर आला. त्याने डक्टच्या खिडकीतून हात घातला आणि पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, अलगद निघून त्याच्या हातात आला. पुतण्याने चिकटवायचं सोल्युशन न लावता तो नुसताच दाबून बसवला होता. प्लंबरने जोड पुसला, सोल्युशन लावून घट्ट बसवला आणि चहा व्हायच्या आत काम संपलं. मी पुन्हा बादलीभर निळं पाणी ओतलं. ते सगळं परसात पडलं, छतातून एक थेंब आला नाही. रेडिएटर पास झाला की आम्ही त्यावर हिरवी खूण करतो. माझ्याकडे हिरवा खडू असता तर मी काकांच्या छतावर केली असती.

वर येऊन मी जाळीतली पिशवी काढली. निळं पाणी गरगरत गेलं आणि मी टाइल्स घासून लख्ख केल्या. नवऱ्याने दिरांना फोन लावला आणि झालेलं सांगायला लागला. तिकडून दिरांचा आवाज मलाही ऐकू येत होता. गाडी ठरलीच आहे, येतोच, आईला थोडे दिवस बदल होईल, असं चाललं होतं. नवरा नेहमीसारखा हो-नाही करत माझ्याकडे बघायला लागला. मी सासूबाईंकडे बघितलं.

त्यांनी हात पुढे करून फोन मागून घेतला. "ये की रविवारी. जेवून जा," त्या म्हणाल्या. "पर मला न्यायला येऊ नको." मग फोन नवऱ्याच्या हातात दिला, वॉकर उचलला, दिवसभर राहून गेलेल्या अंघोळीला आत गेल्या आणि आतून कडी लावली.